जोडीला तेल

अक्का,

तुझ्या घरातला गवती चहाचा वास अजून गेलेला नाही, आणि मला त्याचा राग येतो. तेरावा झाला, मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, भेटायला येणारी माणसंही आता तुरळक झाली. वास तेवढा बसून आहे. गाद्यांना आहे, पडद्यांना आहे, खुंटीवरच्या तुझ्या स्वेटरला आहे. येणारा प्रत्येक जण दारात थांबून मोठा श्वास घेतो आणि म्हणतो, "अक्का हितंच हाय असं वाटतंय." मी मान हलवते. पण तो वास आला की माझ्या मनात एकच प्रश्न डोकं वर काढतो. तो मी तुला जिवंतपणी इतक्यांदा विचारला की शेवटी तू फोन उचलेनाशी झालीस. गोळ्या घेतल्या होत्यास, का नुसतं तेलच लावत बसलीस?

पायाच्या जखमेनं तू गेलीस. जखमेतले जंतू रक्तात उतरले आणि मोठ्या दवाखान्यातही कुणाला काही करता आलं नाही. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ज्याचं त्याचं. गावातले काही म्हणतात, डॉक्टरांच्या नादी लागली नसती तर तेलानंच पाय बरा झाला असता. आमच्या लॅबमधले म्हणतात, तेलाच्या नादी लागली म्हणूनच गेली. दोन्हीकडचे लोक छातीठोक बोलतात, आणि मला तर छातीठोक बोलणाऱ्या माणसाचाच आधी संशय येतो.

बाकीच्यांनी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. तुझ्या शाळेतल्या बाईंनी तू विज्ञान कसं शिकवायचीस ते सांगितलं. महेशनं, लेक म्हणून जे सांगायचं ते सांगितलं आणि रडला. मला तसं बोलता आलं नाही. मी लॅबमध्ये जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणारी बाई. रोज सकाळी समोर येणाऱ्या नमुन्याकडं मी आधी वाकड्या नजरेनंच बघते. डबी नीट बंद होती का, नाव बरोबर आहे का, पेशंट घरूनच एखादी गोळी खाऊन आलेला नाही ना. याचाच मला पगार मिळतो. ती नजर घरी ठेवून बहिणीकडं यावं, हे मला कधी जमलं नाही.

खरं तर ही नजर नोकरीच्याही आधीची. खोकला झाला की आई काढा करायची. तू डोळे मिटून घटाघटा प्यायचीस आणि मी वाटी हातात धरून विचारत बसायची, यात काय काय घातलं, किती उकळलं, आधी कुणी पिऊन बघितलं का. तू म्हणायचीस, "वंदे, तुझ्या लग्नात भटजी मंत्र म्हणायला लागला की तू त्याला पुरावा मागशील बघ." लग्नात मी पुरावा मागितला नाही. मुहूर्त चुकीचा काढलाय असं मात्र मला वाटत होतं, आणि ते मी तुझ्या कानात सांगितलं होतं. बोहल्यावर उभी असताना तू मला हसवलंस त्याबद्दल सासूबाईंनी पुढं कितीतरी दिवस ऐकवलं.

तू रिटायर झालीस आणि शेतावर राहायला गेलीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता अक्का पोथी वाचेल, नातवंडं खेळवेल. तू गवती चहा लावलास. कारण विचारलं तर म्हणालीस, "रोही कपाशी खात्यात, मका खात्यात, ऊस खात्यात. ज्याला जनावर तोंड लावत नाय असं कायतरी लावावं म्हनलं." महेशनं वाळूजला ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून स्टीलचा मोठा ड्रम करून आणला. शेडमध्ये भट्टी बसली. खाली जाळ, ड्रममध्ये कापलेलं गवत, वाफ नळीतून गार पाण्याच्या हौदात, आणि शेवटी बरणीतल्या पाण्यावर पिवळं तेल. पहिल्या दिवशी एवढ्या ढिगातून वाटीभरच निघालं. तू ती वाटी अशी धरली होतीस की मला वाटलं आता ही आरती म्हणते.

ते तेल घेऊन तू थेट माझ्या लॅबमध्ये आलीस. गंगापूरहून जीपनं, दाटीवाटीत बसून, मांडीवर पिशवी. तेल कशात, तर खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत. "जंतू मारतंय का बघ," म्हणालीस. मी म्हटलं, "आधी बाटली बघते, धुतलीय का." तू टेबलावर बाटली आपटलीस.

त्या दिवशीची प्लेट मी विसरणार नाही. जंतूंची पातळ साय पसरली, नेहमीच्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या, आणि जागा उरली होती तिथं तुझ्या तेलात भिजवलेली एक चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर प्लेट कोरी. एकाही चकतीभोवती काही वाढलेलं नाही. ज्या औषधाला तो जंतू कधी दाद देत नाही, त्याच्याभोवतीसुद्धा स्वच्छ. माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? अक्कानं यात फिनेल घातलंय. मी फोन लावला. "खरं सांग, काय मिसळलंस?" तू एवढी हसलीस की फोन कानापासून लांब धरावा लागला.

फिनेल नव्हतं. चूक माझी होती, आणि आमच्याच धंद्यात होऊ शकेल अशी. तेल उडतं. बंद झाकणाखाली त्याची वाफ प्लेटभर फिरली आणि तिनं शेजारच्या चकत्यांचाही निकाल नासवला. बाकीची औषधं फुकटची शहाणी ठरली. मी तुला हे समजावून सांगितलं, तर तू म्हणालीस, "म्हंजी नुसत्या वासानंबी मरत्यात!" मी सांगत होते की निकाल खोटा आहे. तू ऐकत होतीस की तेल खरं आहे.

मग मी नीट केलं. तेलाची प्लेट वेगळी, औषधांची वेगळी. तेल चामडीला सोसेल इतकं पातळ केलं. तेवढ्यानं जंतू जरासे दबले, मेले नाहीत. मग तू हट्ट धरलास म्हणून एका जुन्या औषधाच्या जोडीला ते तेल घालून बघितलं. आणि अक्का, मला ते आवडलं नाही, पण तिथं काहीतरी दिसलं. एकट्या औषधाला न जुमानणारा जंतू दोघांसमोर थोडा नमला. मी पुन्हा केलं, नमला. तिसऱ्यांदा तुझ्या नव्या कापणीचं तेल घेऊन केलं, नाही नमला. पावसाळ्यातलं तेल वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं, भट्टीचा जाळ कमी-जास्त झाला की वेगळं. मी तुला दोन्ही सांगितलं, हो आणि नाही. तू हो तेवढं घेऊन घरी गेलीस.

"आगं पर मी कुठं म्हनते गोळी सोडा म्हनून? दवा डॉक्टरची, जोडीला तेल," हे तुझं ठरलेलं वाक्य. माझा सगळा राग त्या 'जोडीला' या शब्दावर. मी म्हणायची, लोक जोडीला जोडीला म्हणत आणतात आणि चार दिवसांनी बरं वाटलं की महागाची गोळी सोडतात, वासाचं तेल ठेवतात. जंतू अर्धे मरतात, उरलेले शहाणे होतात, आणि मग ते माझ्याकडं येतात. रोज येतात. पूर्वी ज्या गोळ्यांपुढं ते लोळण घ्यायचे त्यांना आता ते ढुंकून विचारत नाहीत. तू म्हणायचीस, मग तर जोडीला कुणीतरी पायजेच की. त्यावर मी चिडायची. "अक्का, प्लेटवर तर लिंबाचा रससुद्धा जंतू मारतो. प्लेट म्हणजे शरीर नव्हे," हे माझं ठरलेलं वाक्य. जेवताना सुरू झालेलं हे भांडण ताट वाळेपर्यंत चालायचं. महेश आमच्याकडं बघून कामावरच्या बसची वेळ झाली म्हणून उठायचा, सुट्टी असली तरी.

तरी तुझी गिऱ्हाइकं वाढत होती. कुणाच्या खांडुकाला, कुणाच्या चिखल्यांना, कुणाच्या चिघळलेल्या बोटाला. तू शेंगदाणा तेलात ते मिसळून, पातळ करून, छोट्या बाटल्या भरायचीस. मला त्यातल्या प्रत्येक बाटलीची भीती वाटायची. तू बाईंच्या तोंडानं बोललीस की सगळं गाव ऐकायचं. उद्या तुझ्या शब्दावर एखादीनं गोळी सोडली तर?

आणि मग तुझाच पाय.

भट्टीतून गरम चोथा उपसताना तो पायावर सांडला. तुला साखर, पाय आधीच बधिर, भाजलेलं कळलंच नाही. रात्री मोजा काढताना कातडी बरोबर आली तेव्हा समजलं. मला तू कधी सांगितलंस, तर वास यायला लागला तेव्हा. गवती चहाचा नव्हे, दुसरा. मी आले, स्वॅब घेतला, आणि माझ्या हातानं तुझे जंतू वाढवले. बहिणीचे जंतू वाढवायचं काम देव कुणावर आणू नये. एकेका चकतीपाशी बघत गेले. इथं काही नाही, इथंही नाही, इथंही नाही. एका गोळीभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ होतं. मी रिपोर्ट घेऊन स्वतः डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तीच गोळी लिहिली. गंगापूरला मिळेना, मी शहरातून घेऊन आले.

आणि देण्याआधी लॅबच्या हिरव्या मार्करनं प्रत्येक पाकिटाच्या मागं एक एक ठिपका दिला. हो, तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणूनच. पुढच्या खेपेला मला ठिपक्याचीच रिकामी पाकिटं दाखवायला लावायची होती, म्हणजे तू दुसऱ्या कुणाची दाखवून मला गुंडाळायला नकोस. तू पाकीट उलटं करून बघितलंस. "ह्यो कसला ठिपका गं?" मी म्हटलं, कंपनीचा असेल. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "असंल की."

डॉक्टरांनी ड्रेसिंग सांगितलं होतं, तू त्याच्या कडेकडेनं तेल लावायचीस. उघड्या जखमेत घालू नकोस, कातडी जाळेल, म्हणून मी बजावलं होतं. त्यापुढं रोजचा फोन.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"खरं?"

"वंदे, तू पोलिसात जायला पायजे व्हतं. तुझ्याकडं मशीन हाय ना? तिला इचार."

मधे एकदा आले तेव्हा विचारून घ्यायला हवं होतं, पाकिटं कुठं आहेत म्हणून. पण दारातच तो वास आला, मी पाय बघितला, पट्टीला तेल भरपूर लागलेलं दिसलं, आणि मी तोंड सोडलं. तू पदर खोचून उत्तरं दिलीस. मी चहा न पिता निघाले. तू मागून म्हणालीस, "आगं दाखवायचं व्हतं तुला कायतरी." मला वाटलं, नवीन तेल. मी मागं वळले नाही.

त्यानंतर ताप, आणि शहरातला दवाखाना. वॉर्डातल्या डॉक्टरनं पट्टी सोडली, नाक जवळ नेलं आणि विचारलं, "हे काय लावलंय?" त्याच्या भुवया बघूनच मला सगळं समजलं, निदान मला तसं वाटलं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, गोळ्या नीट घेतल्या असत्या तर? तो चांगला माणूस. म्हणाला, सांगता येत नाही, साखर होती, पायाचं रक्त नीट फिरत नव्हतं, गोळी तिथवर पोचली किती हेच कळायला मार्ग नाही. मला कळायला मार्ग हवा होता.

तुझ्या नाकाला ऑक्सिजन होता तरी मी विचारलंच. कानाशी वाकून विचारलं, "अक्का, खरं सांग, गोळ्या घेतल्या होत्यास का गं?" तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "शेडमधी बघ... वर..." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाय सडला, जीव टांगणीला लागला, आणि हिला भट्टीचं पडलंय! मी म्हटलं, "आता तरी त्या भट्टीचा नाद सोड." तू डोळे मिटून घेतलेस. आपलं शेवटचं बोलणं ते.

दहाव्यानंतर महेशनं विचारलं, "मावशी, गिऱ्हाइकं येत्यात, भरलेल्या बाटल्या देऊ का?" मी म्हटलं, थांब, आधी मी बघते. म्हणून शेडमध्ये गेले. टेबलाखाली शेंगदाणा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. झाकण काढलं. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. खच्चून भरलेली. मी नावं वाचायला लागले. सगळी जंतूंवरचीच औषधं, लोकांना सर्रास देतात ती, वेगवेगळ्या कंपन्यांची.

आमच्या लॅबमध्ये असलं मलम एकदा आलं होतं. कुठल्याशा बाबाचं, शंभर टक्के जडीबुटीचं, आणि गुण कसला तर हमखास. आत कुटलेल्या गोळ्या निघाल्या. भट्टीशेजारी तुझा खलबत्ता होता. अक्का, मी त्या शेडमध्ये उभी राहून तुला चोर ठरवलं. म्हणून तुझ्या तेलाला गुण येत होता. म्हणून माझ्या प्लेटवर कधी हो, कधी नाही. तू गेल्याचं दुःख एका बाजूला राहिलं आणि मी मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. महेशला काही बोलले नाही. एकही बाटली बाहेर देऊ नकोस, एवढंच सांगितलं, आणि चार बाटल्या पिशवीत टाकून शहरात आले.

लॅबमध्ये मी तुझं तेल उघड्या बशीत पसरलं आणि मंद उबेवर ठेवलं. वास उडून जाऊ दिला. गोळी मिसळलेली असेल तर ती उडणार नाही, बशीत खाली राहील, आणि जंतूंना लावली की पकडली जाईल. सगळी खोली तुझ्या घरासारखी झाली. पलीकडच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, किती छान." मी तिच्यावर उगाच डाफरले.

बशीत उरलेलं तेल जंतूंच्या प्लेटवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती उघडली. काठोकाठ जंतू. बशीत उरलेलं तुझं तेल निव्वळ तेल होतं, त्यात गोळीचा कणही नव्हता. चारही बाटल्यांचं तेच. एवढ्या वर्षांच्या नोकरीत जंतू भरभरून वाढलेले बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मी प्लेट हातात धरून स्टुलावर बसले आणि तिथंच मला तू गेल्याचं रडू आलं. पण रडून झाल्यावर पुन्हा तेच. मग ती पाकिटं कसली?

रविवारी परत आले. महेश शेडला कुलूप लावत होता आणि शेजारच्या शेतातली सायराबी दारात उभी होती. तिच्या बोटाला पट्टी होती, कापूस वेचताना बोंडाचा काटा लागून चिघळलेलं बोट. मला बघून तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि एक रिकामं पाकीट माझ्यापुढं धरलं.

"घेवा बाई. पूरी खा ली. आता बाटली द्या."

"हे मला कशाला देता?"

"अक्काचा कायदा हाय ना." ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की मीच परकी. "पहिले डॉक्टरच्या गोळ्या पुऱ्या खायच्या, खाली पाकीट आणून द्यायचं, तवा बाटली. मागच्या टायमाला एक गोळी राहिली व्हती, तर मला वापस धाडलं. बोले, जा, खाके आ."

मी तिथल्या पायरीवर बसले. महेश कुलूप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आणि लोकांनी गोळ्या फेकून रिकामं पाकीट आणलं तर?" हा प्रश्न माझाच. दुसरं कोण विचारणार?

सायराबी हसली. "तेबी त्यांना मालूम व्हतं. ज्याचा भरोसा नाय त्याला रोज हितं बोलवायचे. समोर पाणी द्यायचे, गोळी खायला लावायचे, बोले, मुंह खोल, जीभ वर कर. माझ्या दिराला तर लई शरम वाटायची. एवढा मोठा मिशावाला माणूस."

अक्का, संशय घ्यायची देणगी आईनं एकट्या मलाच दिली असं मी आजवर समजत होते. तू सगळ्या पंचक्रोशीच्या जिभा वर करून बघत होतीस आणि मला म्हणायचीस, पोलिसात जा. मला हसू आलं, मोठ्यानं आलं, आणि महेश घाबरून पाणी आणायला गेला.

"त्यांची खुदकीबी हैत की," सायराबी म्हणाली. "वर बघा. तुमच्यासाठीच टांगलीत."

भट्टीच्या वर, वाफेची नळी जिथं वळते तिथं, सुतळीला बांधलेला पाकिटांचा जुडगा लोंबत होता. मी टेबलावर चढून काढला. वाफेनं थोडा चिकट झालेला, वास तोच. उलटा केला. प्रत्येक पाकिटावर हिरवा ठिपका. जेवढी आणून दिली होती तेवढी सगळी, आणि सगळी रिकामी. एकेक घर दाबून बघितलं. सवयच ती.

"बोलते थे, ये हरा टिपका हमारी वंदीनं लावलंय," सायराबी सांगत होती. "मी बोलले, मग सांगून टाका ना फोनवर. तर बोले, रोज सांगते, तिला खरंच वाटत नाय. आता मुंहसे नहीं बोलूंगी. आयेगी तो हातात दूंगी."

शेडमधी बघ... वर...

म्हणजे तू माझ्या प्रश्नाचं उत्तरच दिलं होतंस. आणि त्या दिवशी दारात मागून हाक मारलीस तीही यासाठीच.

आता माझी पंचाईत झाली आहे. तू तेलावर विसंबली असतीस तर मला तुझ्यावर रागावता आलं असतं. तेलात काही खोट निघाली असती तर तेलाला शिव्या घालता आल्या असत्या. तू तर सगळं केलंस. डॉक्टरची गोळी पुरती, जोडीला तेल, दोन्ही. आणि तरी गेलीस. माझ्या प्लेटवर त्या गोळीभोवती एवढं स्वच्छ वर्तुळ होतं, अक्का, मी दोनदा बघितलं होतं. पण प्लेट म्हणजे शरीर नव्हे. हे मी तुला तेलाबद्दल ऐकवायची, गोळीबद्दल मी स्वतःला कधी ऐकवलं नव्हतं. एवढे दिवस मी ज्याच्यावर बोट ठेवायला शोधत होते ते कुणी नाहीच. संशयाला धरायला कुणी राहिलं नाही की दुःख असं सरळ अंगावर येतं, हे मला माहीत नव्हतं.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. ठिपके दिले ते बरोबरच केलं, आणि तूही माझ्या जागी तेच केलं असतंस. भांडणही मिटलेलं नाही. तुझं तेल जोडीला खरंच काही करतं का, हे मला अजून माहीत नाही. कधी हो, कधी नाही, एवढंच मी आजही सांगेन. पण बाटल्या बाहेर जातील. महेशला मी सांगितलंय, तुझा कायदा मोडायचा नाही. पाकीट आधी, बाटली नंतर, उघड्या जखमेत थेंबही नाही, आणि बोट काळं पडलं, ताप आला तर तेलबिल ठेवून आधी दवाखाना. सायराबीला बाटली देताना मी तिला तोंड उघडायला लावलं. गोळी तर तिनं केव्हाच संपवली होती. तरी तिनं जीभ वर केली.

तुझा जुडगा माझ्यापाशी आहे. लॅबच्या टेबलाच्या खणात ठेवलाय आणि खण उघडला की वास येतो. माझी नोकरी मला सांगते, रिकामं पाकीट म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. त्या पाकिटांतल्या गोळ्या भट्टीच्या जाळातही गेलेल्या असू शकतात, तुझी जीभ वर करून बघायला तिथं कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर मी फेरतपासणी लिहिली असती.

तू म्हणालीस, घेतल्या. घेतल्या असशील. हा एक रिपोर्ट मी तुझ्या शब्दावर सही करून टाकते, अक्का.